काळी नळी, करडी नळी

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे लोकांच्या तोंडी अजून नगर जिल्ह्यातल्या, कुठल्याही बागायती रानात पायाशी दोन तऱ्हांच्या नळ्या दिसतात. विहिरीवरून बांधापर्यंत आलेली जाड करडी नळी पीव्हीसीची. तिच्यापासून निघून उसाच्या नाहीतर डाळिंबाच्या ओळींवर लोळणारी बारीक काळी नळी पॉलिथिनची. तिला सगळे लॅटरल म्हणतात. करडी नळी ट्रॅक्टरखाली फुटली की शेतकरी फुटका भाग करवतीने कापून काढतो, कपलर आणतो, सोल्युशन लावतो आणि जोड बसवतो. काळी नळी खुरप्याने कापली गेली किंवा उंदरांनी कुरतडली, तर तोच माणूस सोल्युशनच्या डब्याकडे बघतसुद्धा नाही. खिशातून जॉइनर काढतो, नळीची दोन्ही टोकं त्यावर दाबून चढवतो आणि पुढच्या ओळीला लागतो.

एका जातीचं प्लास्टिक चिकटवायचं आणि दुसऱ्या जातीच्या नादी लागायचं नाही, हे त्याला रानाने शिकवलेलं असतं. घरी बादलीला तडा गेला की मात्र हे ज्ञान उंबऱ्याबाहेरच राहतं. "सगळ्यात कडक असेल तो गम द्या," अशी मागणी दुकानात होते, दुकानदार महागातली ट्यूब काढून देतो, दोन दिवसांत जोड सुटतो आणि शिव्या गमाला बसतात. गमाचा दोष बहुधा नसतोच. त्याची ताकद विचारण्याआधी तुटलेली वस्तू कशाची आहे हे विचारायला हवं होतं.

चिकटण्याची पहिली अट म्हणजे पसरणं. गम पृष्ठभागावर नीट पसरला, बारीकसारीक खाचखळग्यांत शिरला, तरच पुढची गोष्ट. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब गोळा होऊन घरंगळतो, तसा गमही काही प्लास्टिकांवर अंग चोरून बसतो. हे मोजायला पृष्ठीय ऊर्जा नावाची राशी आहे. तिचं एकक मिलिन्यूटन प्रति मीटर. टेफ्लॉनची पृष्ठीय ऊर्जा २० च्या आतबाहेर, पॉलिप्रॉपिलीनची ३० च्या आसपास, पॉलिथिनची ३१; पीव्हीसी, एबीएस, अ‍ॅक्रिलिक ही मंडळी ४० च्या जवळ; पॉलिकार्बोनेट आणि नायलॉन त्याहून थोडी वर. द्रव पसरायचा तर त्याचा पृष्ठताण खालच्या वस्तूच्या या आकड्यापेक्षा कमी असावा लागतो. पाण्याचा पृष्ठताण ७२-७३, म्हणून नव्या बादलीवर पाणी थेंबाथेंबाने उभं राहतं. अराल्डाइटसारख्या एपॉक्सीचा चाळिशीच्या वर जातो. एबीएसवर तो बऱ्यापैकी बसतो, पॉलिथिनवर त्याची डाळ शिजत नाही. फेविक्विक थोडंफार पसरतं खरं, पण पॉलिथिनच्या साखळीत कार्बन आणि हायड्रोजनखेरीज दुसरं काही नाही; विद्युतभार किंचित इकडेतिकडे झुकलेला असा एकही गट नाही, की ज्याला गमाने धरावं. त्यामुळे वाळलेला पापुद्रा नखाने अख्खा निघून येतो.

आता याच अलिप्तपणाची दुसरी बाजू बघा. नगरकडे विहिरींचं आणि बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड. ड्रिपरच्या तोंडाशी क्षार साचतात आणि ते काढायला ठिबकच्या संचातून आम्ल सोडावं लागतं. पॉलिथिनच्या नळीला त्याचं काही वाटत नाही. विद्राव्य खतं, कीटकनाशकं, चुना, ताक, लोणचं, कशालाच ते दाद देत नाही. म्हणून तर फवारणीच्या पंपाची टाकी, दुधाचा प्लास्टिक कॅन, टोमॅटोचं क्रेट, पाण्याची काळी टाकी आणि शेततळ्याचा कागद, सगळं पॉलिथिन किंवा त्याच्या सख्ख्या भावाचं, पॉलिप्रॉपिलीनचं असतं. शेतकऱ्याच्या घरातल्या प्लास्टिकचं वजन केलं तर यांचाच वाटा सर्वांत मोठा भरेल. आम्लाला जे हिंग लावून विचारत नाही, ते गमाला का विचारेल? पॉलिथिन इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३३ मध्ये हाती लागलं तेही अपघातानेच; प्रचंड दाबाखाली एथिलिन वायूचा भलताच प्रयोग चालू होता आणि भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ उरला. मेण आणि पॉलिथिन यांचं नातं रसायनदृष्ट्याही जवळचं आहे. मेणबत्तीला मेणबत्ती गमाने चिकटवायला कुणी जात नाही, वितळवूनच जोडतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर मग वस्तू ओळखायची कशी? सर्वांत सोपी खूण तळाशी असते. बाणांच्या त्रिकोणातला आकडा पुनर्वापरासाठी १९८८ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. दुरुस्ती करणाऱ्याला तो फुकटात मिळालेला मदतनीस. २ आणि ४ म्हणजे पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ३ पीव्हीसी, ६ पॉलिस्टायरीन. ७ म्हणजे 'इतर', याचा उपयोग शून्य. गाड्यांच्या भागांवर आतल्या बाजूने दोन टोकदार कंसांमध्ये पदार्थाची अक्षरं छापलेली असतात. स्कूटरचं पुढचं पॅनल उलटं करून बघितलं तर बहुधा एबीएस सापडेल, चाकावरच्या लवचीक मडगार्डवर पीपी. नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना १९७२ मध्ये आली तेव्हा हा प्रश्नच नव्हता. नळीचा सांगाडा आणि पत्रा, तुटलं की वेल्डिंगवाला. आज स्कूटर घसरून पडली की निम्मा खर्च प्लास्टिकचा येतो.

खूण नसेल तर पाण्याचं भांडं घ्यावं. तुटलेल्या वस्तूचा लहानसा कपचा पाण्यात टाकायचा, बुडबुडे चिकटू नयेत म्हणून आधी ओल्या बोटांनी चोळून. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकी, ती तरंगतात. बुडालं तर लिटरभर पाण्यात दीडशे-दोनशे ग्रॅम मीठ विरघळवून पुन्हा टाकायचं. एबीएस आणि पॉलिस्टायरीन आता वर येतात; नायलॉन, अ‍ॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट आणि पीव्हीसी तळाशीच राहतात. या परीक्षेला एक ठकवणारा आहे, तो म्हणजे स्वस्तातली खुर्ची. तिच्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, इतकी मिसळलेली असते की ती चक्क बुडते. म्हणून खुर्चीला पाण्याची परीक्षा लावू नये. अंगणात मांडायची मोल्डेड खुर्ची पॉलिप्रॉपिलीनचीच असं धरून चालावं.

पीव्हीसीची शंका असेल तर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची तांब्याची तार कामाला येते. तारेचं टोक ज्योतीत लाल करायचं, प्लास्टिकला टेकवायचं आणि पुन्हा ज्योतीत धरायचं. ज्योत हिरवी झाली तर आत क्लोरीन आहे. हे उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघूनच करावं, कारण निघणारा धूर घशाला झोंबतो आणि तो छातीत जाऊ देण्यासारखा नाही.

पीव्हीसी एकदा ठरलं की काम सोपं. सोल्युशन हा खऱ्या अर्थाने गम नव्हेच. त्यातली द्रावकं नळीचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग विरघळवतात, दोन्हीकडच्या लांबलचक साखळ्या एकमेकींत शिरतात आणि द्रावक उडून गेल्यावर दोन तुकड्यांचा एकच तुकडा उरतो. मोडलीच तर नळी शेजारी फुटते, सांध्यात नाही. अट एवढीच की दोन्ही भाग एकमेकांत घट्ट बसणारे हवेत. फुटलेल्या नळीवर बाहेरून सोल्युशनचे थर चढवून काही होत नाही. पातळ सालीसारखा तो थर मोटर चालू झाली की उडतो. आणि इथे नगरचं ऊन आडवं येतं. मे महिन्यात दुपारी उघड्यावर तापलेल्या नळीवर ब्रश फिरवला की द्रावक आत शिरण्याआधीच उडतं, वर कोरडी साय धरते आणि जोड बाहेरून चांगला, आतून कच्चा राहतो. सकाळी लवकर किंवा नळी सावलीत निवल्यावर जोडावं, अर्धा मिनिट दाबून धरावं, आणि दाबाची लाइन असेल तर शक्यतो चोवीस तास मोटर सोडू नये. पिकाला पाण्याची घाई असते हे मान्य, पण निम्मे जोड त्या घाईतच जातात. गरम पाण्याच्या सीपीव्हीसी नळीचं सोल्युशन वेगळं. घरात दोन्ही डबे असतील तर लेबल वाचावं.

द्रावकाची हीच युक्ती एबीएसला आणखी छान लागू पडते. टीव्हीच्या रिमोटचं मागचं झाकण, मिक्सरचं बाहेरचं कवच, स्कूटरचं पॅनल ही एबीएसची ठिकाणं. एबीएस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. त्याच रंगाच्या भंगार पॅनलचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवले की दाट लापशी तयार होते. ती तड्यात भरली, मागच्या बाजूने पातळ जाळीचा तुकडा त्याच लापशीत बसवला, की पॅनल पुन्हा एकसंध. पुरतं वाळायला एक-दोन दिवस द्यावे लागतात. अ‍ॅसिटोन पेट्रोलइतकंच ज्वालाग्राही, हे काम चुलीजवळ करायचं नाही. पॉलिस्टायरीनलाही, म्हणजे फ्रिजमधल्या ठिसूळ पारदर्शक भाजीच्या ट्रेला, अ‍ॅसिटोन विरघळवतं, पण जोडाच्या आसपासचा भाग पांढुरका होतो. पॉलिकार्बोनेटच्या वाटेला मात्र अ‍ॅसिटोन घेऊन जाऊ नये. ते विरघळायच्या आधी त्यात केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पसरतं आणि दणकट वस्तू काचेसारखी ठिसूळ होते. हेल्मेटची काच साफ करायला थिनर वापरणाऱ्यांना हे अनुभवाने कळतं.

फेविक्विकच्या कुळाची, सायनोअ‍ॅक्रिलेटची, कथा सांगायचा मोह आवरत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेत कोडॅक कंपनीचे हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हा पदार्थ जिथे तिथे चिकटून बसायचा, म्हणून वैतागून बाजूला ठेवला गेला. १९५१ मध्ये जेट विमानांच्या छतासाठी शोध चालला असताना त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी त्याचा थर महागड्या उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये लावला आणि लोलक सुटेनात. तेव्हा कूव्हर यांच्या लक्षात आलं की आपल्या हाती गम आहे. १९५८ पासून तो विकायला आला.

हा गम वाळत नाही, तो हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या बाष्पामुळे घट्ट होतो. ४० ते ६० टक्के आर्द्रता त्याला मानवते. कोकणात त्याला बाष्पाची ददात नाही. नगर पर्जन्यछायेतला जिल्हा, एप्रिलच्या कोरड्याठाक दुपारी हाच गम रेंगाळतो. अशा वेळी लोक आणखी दोन थेंब ओततात आणि काम बिघडतं, कारण जाड थर आतून ओलाच राहतो. उलट थेंब कमी करावेत, जोडाच्या एका बाजूवर तोंडाची हलकी वाफ सोडावी आणि दाबून धरावं. फट असेल तर तिच्यात खाण्याचा सोडा भरून वर गमाचा थेंब सोडला की क्षणात दगड होतो. सोडा अल्कधर्मी असल्याने क्रिया भरधाव होते आणि उष्णताही निघते. कापसावर किंवा सुती कपड्यावर हा गम सांडला तर तीच उष्णता कातडी भाजण्याइतकी वाढू शकते, म्हणून तो पुसायला कापूस कधीच घेऊ नये. फुटलेल्या कडा नेमक्या जुळणाऱ्या, एबीएस किंवा अ‍ॅक्रिलिकच्या लहान वस्तूंना तो उत्तम. वाकणाऱ्या, हादरे बसणाऱ्या, गरम होणाऱ्या जागी त्याला बोलावू नये.

तिथे एपॉक्सी. त्याचा उगम दंतवैद्यकातला: स्वित्झर्लंडमधले रसायनशास्त्रज्ञ पिएर कास्तां १९३० च्या दशकात कवळ्यांसाठी पदार्थ शोधत होते. सीबा कंपनीने १९४६ मध्ये अराल्डाइट नावाने तो बाजारात आणला. एम-सील हाही एपॉक्सीच, हाताने मळून लावायचा. आता गंमत बघा, १९५९ मध्ये बळवंत पारेख यांच्या ज्या पिडिलाइटने फेविकॉल आणलं, तिच्याच टोपलीत पुढे फेविक्विक, २००० मध्ये एम-सील आणि २०२० मध्ये भारतातलं अराल्डाइट येऊन पडलं. फेविकॉलला मात्र प्लास्टिकपासून दूरच ठेवा. त्यातलं पाणी लाकूड शोषून घेतं, प्लास्टिक शोषत नाही. एपॉक्सीचे दोन भाग सांगितलेल्या मापानेच घ्यावेत. हार्डनर जास्त टाकला की लवकर कडक होईल हा समज उलटा आहे, जोड मऊ राहतो. आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडून, तेलकटपणा पुसूनच लावावा. काही एमसीबींचं कवच, जुना बेकलाइटचा होल्डर अशी तापवूनही न वितळणारी प्लास्टिकं एपॉक्सीला चांगली धरतात. नगरच्या एमआयडीसीत लार्सन अँड टुब्रोने स्विचगिअरचा कारखाना उभारला, तिथून बाहेर पडणाऱ्या मालाची बरीच कवचं याच प्रकारात मोडतात. अर्थात एमसीबीचं कवच तडकलं असेल तर चिकटवू नये, एमसीबी बदलावा.

उरला जिल्ह्यातला सर्वांत मोठा ढीग: पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन. या दोघांचा खरा गम म्हणजे उष्णता. पॉलिथिन त्याच्या प्रकारानुसार ११० ते १३५ अंशांच्या दरम्यान वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६० च्या वर. म्हणून पॉलिप्रॉपिलीनच्या बादलीच्या तड्यात पॉलिथिनच्या क्रेटचा तुकडा वितळवून भरला तर दिसायला भरतो, धरत नाही. जातीला जातच लागते. टाकीला टाकीच्याच तोटीजवळचा किंवा झाकणाचा काप घ्यावा. तड्याच्या टोकाला आधी तीन मिलिमीटरचं छिद्र पाडायचं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग व्ही आकाराची खाच करून, गरम हवेच्या गनने खाचेच्या दोन्ही कडा आणि भरायची पट्टी एकाच वेळी ओलसर चमकू लागेपर्यंत तापवून दाबत न्यायचं. तापवलेल्या उलथन्याने बादलीला डाग देणारी आजी हेच करत असते, फक्त तिची उष्णता वरच्या थरापुरती असते. पाण्याची टाकी पुन्हा पुन्हा त्याच जागी तडकत असेल तर वेल्डिंगवाल्याला दोष देऊ नये. टाकीखालचा कट्टा सपाट आहे का ते बघावं. कडेला अर्धवट लोंबकळणारी हजार लिटरची टाकी कुठलाही जोड उसवते.

शेततळ्यांनी हा प्रश्न मोठ्या मापाचा केला. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ मध्ये आली. संगमनेर, राहाता, पारनेर भागात डाळिंबाच्या बागांशेजारी काळ्या कागदाची तळी दिसू लागली. हा कागद साधारण पाचशे मायक्रॉन जाडीचा पॉलिथिनचा. बाभळीचा काटा, उंदीर, पाण्यात पडून वर यायला धडपडणाऱ्या कुत्र्याची नखं, कशानेही तो फाटतो. तिथे एम-सीलचा गोळा थापला तर पाणी त्याच्या मागून वाट काढतं. कायमचा इलाज म्हणजे पाणी उतरवून, जागा कोरडी करून त्याच कागदाचं ठिगळ गरम हवेने वेल्ड करणं. तात्पुरतं काम ब्युटाइल रबराच्या चिकट पट्टीने भागतं. ती कायम मऊ राहते, त्यामुळे पॉलिथिनवरही दबून बसते.

गमच वापरायचा हट्ट असेल तर पृष्ठभागाचा स्वभाव बदलावा लागतो. दुधाच्या पिशवीवर शाई टिकते ती छपाईआधी फिल्मवर विजेचा मारा करून वरच्या थरात ऑक्सिजन गुंफला जातो म्हणून. घरी तेच काम निळ्या ज्योतीने होतं: ज्योतीचा निळा भाग पृष्ठभागावरून झटकन एकदा फिरवायचा, वितळू द्यायचं नाही. नंतर पाणी थेंब न होता सपाट पसरलं तर जमलं. मग लगेच एपॉक्सी लावायचं, कारण हा परिणाम दिवसागणिक ओसरतो. पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलीनसाठी प्रायमरसह मिळणारं सायनोअ‍ॅक्रिलेट आणि खास दोन भागांचे अ‍ॅक्रिलिक गमही आहेत. ते चालतात, पण त्यांच्या किमतीत बादली नवी येते.

उन्हाने पिठाळलेल्या वस्तूला यातलं काहीच लागू नाही. खुर्चीवर बोट फिरवलं आणि पांढरी भुकटी आली, तर आतल्या साखळ्याच तुटल्या आहेत; जोड धरला तरी शेजारी मोडेल. लॅटरलमध्ये दोन ते तीन टक्के काजळी मिसळतात ती याचसाठी, ऊन तिच्यावर अडतं.

काही तुटलेल्या वस्तू दुरुस्त होण्यासारख्या असूनही करू नयेत. कुकरची मूठ, हेल्मेट, शिडीची पायरी ही नावं कुणालाही सुचतील. माझ्या यादीत सर्वांत वर फवारणीचा पंप आहे. सोळा लिटर औषध पाठीवर घेऊन माणूस तासन् तास चालतो. टाकीच्या तळाशी वेल्ड केलेली जागा झिरपली तर ते सदऱ्यातून थेट कातडीत मुरतं, आणि घामाने आधीच भिजलेल्या पाठीला ते कळतही नाही. अनेक पंपांची नुसती टाकी सुटी विकत मिळते. पट्टे, मोटर, बॅटरी, लान्स जुनंच ठेवून तेवढी बदलावी, आणि जुनी टाकी पाणी भरायला म्हणून घरात आणू नये.